शेवटचा हुक

अकरा नंबरची ट्राम चालवते मी
वूच शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि डाव्या आरशात बघायला वळले
की तार टोचते.
दार उघडतं, दार मिटतं, तार टोचते.
बावीस वर्षं मला वाटत होतं
ट्राम चालवणं म्हणजे हेच.

खांद्यावरचे पट्टे घसरायचे,
घट्ट केले की रुतायचे.
रात्री काढल्यावर दोन खाचा,
बोट मावेल इतक्या खोल.
आणि पाठीवरचा पट्टा वर वर सरकायचा,
मांजर कपाटावर चढून बसतं तसा,
उतरवला तरी पुन्हा तिथेच.

बाजारातल्या माणसानं,
थर्मास आणि मोज्यांच्या ढिगामागून,
नुसत्या नजरेनं सांगितलं, ऐंशी सी.
मापात पाप नव्हतं त्याच्या, मापच नव्हतं.
तरी मी ऐकलं.
डॉक्टरचंही कधी इतकं ऐकलं नाही.

ड्रॉवरमध्ये सतरा पडल्यात.
एक लेसची, तिनं फक्त एक लग्न पाहिलं,
तेही चुलतबहिणीचं, केक कापेपर्यंत.
एकीची तार सुटून वॉशिंग मशीनमध्ये अडकली.
मेकॅनिकनं चिमट्यात धरून उचलली ती,
गळाला लागलेला मासा दाखवावा तशी,
आणि बिलावर लिहिलं
'परकी वस्तू'.

तेओफिलाबाईंचं दुकान तळघरात,
किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी.
बरं वाटलं. या जिन्यावरून
न बसणाऱ्या गोष्टी घेऊनच लोक उतरत असणार.
गळ्यात टेप, ओठांत टाचण्या.
टाचण्यांमधूनच म्हणाल्या, श्वास सोडा.
सोडला.
अजून आहे, तोही सोडा.

सत्तर एच.

मी मागे वळून पाहिलं,
दुसरं कोण आत आलं ते.

वाका, म्हणाल्या, आणि काखेतून सगळं पुढे घ्या.
जे कोणी तिकडे राहायला गेलंय
त्यांना घरी बोलवा.
नवी असताना शेवटच्या हुकावर लावायची,
ती सैल पडत जाईल तसं
आपण एकेक हुक आत यायचं.
आरशात छाती आणि पोट यांच्यामध्ये
थोडी मोकळी जागा दिसली.
तिथे मी याआधी कधी गेले नव्हते.
मग किंमत ऐकली
आणि उरलासुरला श्वासही सुटला.

आई एकतीस वर्षं कारखान्यात हुक शिवायची.
फक्त हुक.
कप दुसऱ्या टेबलावर, पट्टे तिसऱ्या,
अख्खी वस्तू तिच्यासमोरून कधी गेलीच नाही.
दुकानात तेव्हा दोनच मापं, ती सांगायची,
'आहे' आणि 'संपली'.

रविवारी तिच्या स्वयंपाकघरात
बिटाचं सूप उकळत असताना मी टेप काढली.
नको, म्हणाली, या वयात कुणाला दाखवायचंय.
मग गॅस बारीक केला,
पडदा ओढला, समोरच्या बाल्कनीत
झेनोबिया गालिचा झटकत होती म्हणून,
आणि हात वर केले.
थोडेच. खांदा दुखतो तिचा.

आत जे होतं ते एके काळी पांढरं असावं.
मागे एक हुक गळालेला,
त्या जागी सेफ्टी पिन.
हा का नाही शिवलास, मी विचारलं.
एकतीस वर्षं शिवले,
ती म्हणाली.

बरगड्यांभोवती टेप फिरवली.
माझ्या हाताला वाटलं त्याहून
ती कितीतरी लहान होती.
श्वास सोड, म्हटलं,
आणि तिनं जो सोडला
त्यानं चष्म्याची काच धुरकटली माझ्या,
की सुपाची वाफ होती, माहीत नाही.
आकडा वाचून दाखवला.
चुकलं असेल, म्हणाली. पुन्हा घे.

पुन्हा घेतलं.
तेवढंच भरलं.
हात मात्र तिनं खाली घेतले नाहीत.