ओपनर

शुक्रवारी रात्री डॉफिनहून नणंद आली, बोहदाना.
सोबत नवरा, दोन मुलगे आणि एक म्हातारा कुत्रा,
ज्याच्याबद्दल फोनवर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.
विनिपेगच्या उत्तर टोकाला आमच्या अडीच खोल्या.
मी गाद्या मोजल्या, मग माणसं मोजली,
मग पुन्हा गाद्या.
थोरल्या डॅनिलोचे पाय रात्रभर सोफ्याबाहेर लोंबत राहिले.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
पण चौदाव्या वर्षी पाय कुणाचं ऐकतात?

शनिवारभर पिठात हात.
बोहदाना बटाटा कुस्करते तशीच बोलते,
एकही गुठळी शिल्लक न ठेवता:
मायरॉनचं वाढलेलं वजन, माझे पडदे,
आईच्या पिरोगीची कड कशी पातळ असायची.
मी कडा दाबत राहिले. दोनशे चाळीस झाल्या.
"एवढ्या कुणाला?" धाकट्या रोमानने विचारलं.
नदीकाठच्या लोकांना, मी म्हटलं.
"ते आपले कोण लागतात?"
बोहदाना हसली.
मी पाणी उकळलंय का ते पाहायला वळले,
ते केव्हाचं उकळत होतं.

रविवारी उणे अकरा.
असिनिबॉइनच्या काठी, पुलाखाली
ताडपत्र्यांचे सात तंबू.
त्यातल्या एकाच्या तोंडाशी पायपुसणं होतं,
आणि त्याच्यापाशी आम्ही सगळे थबकलो,
बूट काढायचे की नाही ते न कळून.

"या की आत. कुत्र्यालाही घ्या."
व्हर्ना तिचं नाव. वय विचारलं नाही.
दुधाचे दोन क्रेट पुढे सरकवले, बादली पालथी घातली.
तिने कप मोजले, मग माणसं मोजली,
मग पुन्हा कप.
मी मान खाली घातली.

पिशवीतून मोजे निघाले, कागदात गुंडाळलेल्या पिरोगी निघाल्या,
राजम्याचे आणि पीचचे मिळून बारा डबे निघाले.
एक डबा तिने हातात फिरवला, पत्राचा पत्ता वाचावा तसा,
मग खालून पाहिला.
"फोडू कशाने?"
एकाही डब्याला ओढायची कडी नव्हती.
कडीवाले वीस सेंट महाग होते. मीच निवडले होते,
सेलच्या रांगेत उभी राहून, स्वतःवर खूश होऊन.

प्रत्येक गोष्टीवर उत्तर असलेली माझी नणंद
पहिल्यांदा गप्प बसली.
मग गाडीची चावी उचलून निघून गेली.

चाळीस मिनिटं आम्ही बसून होतो.
चहा दोघांत एक. मायरॉनने हवेबद्दल काहीतरी म्हटलं,
हवेबद्दल, तिथे!
व्हर्नाने रोमानला त्याच्या बाईंचं नाव विचारलं,
कुत्र्याच्या कानामागे खाजवलं.
डॅनिलोचे पाय ताडपत्रीखालून बाहेर गेले होते.
बोलता बोलता तिने ते आत ओढून घेतले
आणि आपली घोंगडी त्यांच्यावर टाकली.
आमच्या घरी हे कुणाला सुचलं नव्हतं.

बोहदाना परतली ती आमच्याच स्वयंपाकघरातला
लाल मुठीचा ओपनर घेऊन.
मला न विचारता. लग्नात तिनेच दिलेला.
व्हर्नाच्या शेजारी उकिडवी बसून तिला शिकवत राहिली:
"चाक जरा अडतं गं. अडलं की डावीकडे दाबायचं."
पहिला डबा पीचचा फुटला.
रोमानने बोट बुडवून चाटलं, त्याला कुणी रागावलं नाही.

संध्याकाळी ते गेले.
सोफ्यावर कुत्र्याचे केस, नळावर कुणाचा तरी टूथब्रश.

मंगळवारी मटाराचा डबा घेतला आणि
खणात हात घालून बराच वेळ चाचपडत राहिले.
मग आठवलं. सुरी, हातोडी, अंगठ्याला चीर.
तोंडात अंगठा धरून मी डॉफिनला फोन लावला.
"दुसरा आणते पुढच्या खेपेला," ती म्हणाली.
"कधी?" मी विचारलं,
आणि माझ्याच आवाजातली घाई ऐकून दचकले.
ती पडद्यांबद्दल बोलू लागली. मी बोलू दिलं.

खिडकीवर बर्फ. उणे एकोणीस.
अशा थंडीत बोटं बधिर होतात.
डावीकडे दाबायचं,
तिच्या लक्षात असेल ना?