बत्तीस मिलिमीटर

टाचेपासून डोळ्यांपर्यंत बत्तीस मिलिमीटर.
एवढ्यात बसवायचा एक मेलेला माणूस
जो पुरता मेलेला नाही.

कुठल्याशा थंड देशात, लांबलचक टेबलावर
फासे टाकत लोक त्याला पुढं सरकवणार.
सहा पडले की तो पुन्हा उठणार.
मी त्याला घडवते साखर पेठेत,
नायनांच्या मागाच्या खोलीत.
माग भंगारात गेला,
फरशीवर त्याच्या पायांचे चार खड्डे राहिले.
एकात माझ्या प्रिंटरच्या टेबलाचा पाय बसतो. बरोब्बर.

पहिल्या वर्षी नुसती हाडं करायचे.
कवटी, जबडा, बरगड्यांचा पिंजरा,
हातात गंजकी तलवार.
उत्तर यायचं : अजून भयानक हवंय.
दात वाढवले. शिंगं लावली.
एकाला तर पाठीतून पंख काढले,
आणि मलाच हसू फुटलं.

त्याच रात्री पाण्यासाठी जागी होते
(आमच्याकडं चार दिवसांनी येतं,
तेही भुताखेतांच्या वेळेला).
नळावर अंबुबाई गुर्रम घागर भरत होत्या.
पन्नास वर्षं विड्या वळलेली पाठ,
मान पुढं, सूप अजून मांडीवर असल्यासारखी.
घागर भरली, त्या उभ्या राहिल्या.
पाठ बसूनच राहिली.

मी वर येऊन पंख पुसून टाकले.

नायना सहसा वर येत नाहीत.
रेझिनचा वास सोसत नाही.
छातीत आधीच गिरणीभर कापूस आहे म्हणतात.
त्या दुपारी आले.
गच्चीवर ताटात एकवीस प्रेतं वाळत होती,
कुरडयांच्या शेजारी.
गोष्टींतली पिशाच्चं उन्हात जळून राख होतात.
माझी सोलापूरच्या एप्रिलात
दहा मिनिटांत पक्की होतात.

चष्मा लावून त्यांनी एक उचललं.
"कोण हा?"
"मेलेला शिपाई. राजानं मंतर घालून उठवलाय."
"कशाला?"
"लढायला."
"मेल्यावर पण ड्यूटी?"
"होय की."
"पाळी कुठली?"
"रात्रपाळी."
त्यांनी मान हलवली,
जुना जोडीदार भेटल्यावर हलवतात तशी.

मग कफनावर नख ठेवलं.
"हे चुकलंय."
"काय चुकलंय?"
"टेरीकॉट पडतं असं. हा मादरपाट ना?
मातीतून वर आलेला?
कुजताना आधी बाणा जातो, पीळ कमी असतो त्याला.
ताणा लोंबत राहतो. उभा. कितीतरी दिवस."

खाली गेले. तुकडा घेऊन आले.
माठाच्या पाण्यात पिळून
तेलाच्या रिकाम्या बाटलीवर पांघरला,
आणि आडवे धागे उपसायला बसले.
एक. एक. मध्येच थांबून लांबून बघत.
चादरीवरचे मोर ते असेच बघायचे,
आलेखाच्या कागदावर, एक डोळा मिटून.
ऊन कलेपर्यंत
बाटली हळूहळू कुणीतरी झाली.

मी सगळी फाइल मोडली.
कफन पुन्हा विणलं, म्हणजे खरोखर विणलं,
धाग्याखालून धागा.
खांदा करताना हात आपोआप डावीकडं उतरला.
रात्री प्रिंटरनं त्याला द्रवातून वर ओढलं,
उलटा, डोकं खाली, थरावर थर.
थांबायचा, सुस्कारायचा, पुन्हा उचलायचा.
खालच्या खोलीत नायना घोरत होते.

आठवड्यानं तिकडून विचारणा आली :
कापड अप्रतिम. पण डावा खांदा पडलेला का?
मी लिहिलं, मंतराचा परिणाम आहे.
त्यांनी मान्य केलं.

एक नग नायनांनी ठेवून घेतलाय,
तंबाखूच्या डबीशेजारी, खिडकीकडं तोंड करून.
"नळ आला की उठव म्हणावं," म्हणाले,
"नाहीतरी जागाच असतो तो."