सहा सूत

पुढचे ब्रेक जमले होते, तो प्रश्न नव्हता.
मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर उघडला
तर आत पिस्टन गंजून असा बसलेला
की हातोडीलाच संकोच वाटावा.

देवळाली कॅम्पात, केकीशेठच्या शेडमध्ये,
ताडपत्रीखाली अठ्ठावन्न सालची एका माणसापुरती गाडी.
पत्रा हाताने ठोकलेला,
सतरा आकडा ब्रशने काढलेला, साताचं शेपूट ओघळलेलं.
मागचा ॲक्सल मात्र साध्या फियाटचा,
टॅक्सीला असायचा तोच, डॉक्टरांच्या गाडीला असायचा तोच.
"म्हंजे पार्ट गल्लीत मिलेल, डीकरी."
मिलेल.

भद्रकालीत मुनाफभाईंनी गोणी रिकामी केली.
सात सूत. सात सूत. एक फुटका. सात सूत.
मला हवं सहा. पाऊण इंच, नेमकं.
"एका सुताने काय होतं, ताई?"
एका सुताने मागची चाकं आधी धरतात, भाई,
आणि गाडी स्वतःच्याच शेपटामागे धावते.
त्यांनी चहा मागवला. चहा अर्धाच प्याले,
तोंडात गोणीची चव होती.

कोइमतूरहून उत्तर आलं:
नवे बनवून देऊ, कमीत कमी शंभर नग.
केकीशेठ एक्याऐंशीचे.
त्यांनी खरंच हिशोब केला,
शंभर भागिले दोन, पन्नास वेळा बदलता येतील,
आणि कागदाची घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली.

मग कुणी म्हणालं, पिंपळगावला मोगलांच्या वस्तीवर
द्राक्षाच्या क्रेट वाहणारी एक ट्रॉली आहे, जुनी,
तिच्या खाली बघा.
मी बघितलं. पाठीवर झोपून, नाकात शेण आणि गंधक.
खाली फियाटचा ॲक्सल, ड्रम, सगळं जसंच्या तसं,
फक्त ब्रेकची नळी तारेने बांधून ठेवलेली,
तेवीस वर्षं.
"ट्रॅक्टर थांबला की ती थांबते," खंडेराव मोगल म्हणाले,
"तिला वेगळं थांबायला कशाला शिकवायचं?"
व्हर्नियर लावला. सहा सूत.
पैसे घेतले नाहीत; ॲक्सल नवा बसवून द्यायचा, हंगामाच्या आत.
छाटणी झाली होती. दिवस मोजून दिले.

अंबडला दगू गांगुर्डेने लेथवर धरला.
आत खड्डे, देवीच्या व्रणांसारखे.
मोठं करून चालणार नव्हतं,
म्हणून पोखरून पितळेची बाही ठोकली
आणि बाहीच्या आतून परत सहा सूत कापलं.
दगू कापताना बोलत नाही, श्वासही जपून घेतो.
सातपूरच्या वर्गीसने रबरी कप दिले,
खिशातून, रुमालात बांधून, अंगठ्या दिल्यासारखे.

शेवटी हवा काढायची.
याला दोन माणसं लागतात.
केकीशेठ आत बसले; बसवायला माळी आणि मी.
मी चाकाशी, निपलला नळी, नळीचं तोंड बाटलीत.
दाब. धर. सोड.
दाब. धर.
बुडबुडे आले, बारीक, मग मोठे, मग थांबून एक.
सोड, म्हटलं.
सोडेनात.
पाय तसाच दाबलेला, स्टीअरिंगवर दोन्ही हात,
आणि डोळे शेडच्या बंद दारावर,
जिथे कुठलं तरी वळण आलं असावं.
"तेव्हा मागचा पकडला होता," म्हणाले,
"तीन चकरा. चौथ्या चकरेत मला बाबुल दिसला,
गवताच्या गंजीवर उभा, टोपी हलवत होता.
त्याला वाटला मी मुद्दाम करते."

बाबुल कोण, मी विचारलं नाही.
निपल आवळला.
शेठ, आता सोडा.
सोडला. पॅडल वर आलं, ताठ, पूर्ण.

उजवीकडे अजून एक थेंब जमतो आहे.
रात्री फरशीवर वर्तमानपत्र पसरलं,
सकाळी डाग किती पसरला ते बघायचं.