घरयादी

मे महिन्यात कूलरच्या टाकीत तिसरी बादली ओतून
रात्री साडेअकराला मी त्या गावात जाते
जे नकाशावर नाही.
तिथं माझं घर आहे, दोन खोल्यांचं,
दारात एक लिंबाचं झाड, पाणी न मागणारं.
तिथं गुडघे दुखत नाहीत.
इथं, गोळीबार चौकात, दुखतात.

भाची परसोडीच्या आयटी पार्कात बसून
त्या गावाचे नियम लिहिते.
रविवारी पोह्यावर तर्री ओतत म्हणाली,
"मावशी, आपोआप चालणारी खाती फार झाली गं.
माणसासारखी हिंडतात, कुणाच्याही घरात शिरतात,
कोण कुठं बसलं, कुणाजवळ, किती वेळ,
सारं टिपून घेऊन राहिलीत.
तू सांग, काय नियम लावू?"

मला काय विचारते.
मी नव्वद सालच्या उन्हाळ्यात
शाळेतून घरयादीला जुंपलेली बाई.
टिमकी, हंसापुरी, एका हातात गेरूची वाटी.
दारावर आकडा घालायचा, कडी वाजवायची,
नाव सांगायचं, कागद दाखवायचा,
मगच वही उघडायची.
कमला निमजेनं कुटुंबप्रमुख म्हणून
नवऱ्याचं नाव लिहवलं.
आत माग चालूच होता, धाकटी पोरगी धोटा फेकत होती.
चहाचा कप सरकवताना कमला हळूच बोलली,
"तो सहा वर्सांपासून नाई, बाई. पण लिहून घ्या."
मी काय लिहिलं
ते अजून कुणाला सांगितलं नाही.
आताही सांगत नाही.

तर भाचीला म्हटलं, लिही,
दार वाजवल्याशिवाय आत येऊ नये.
आपण माणूस नाही हे आल्याबरोबर सांगावं,
डोक्यावर पाटी हवी, तीही ठसठशीत अक्षरात.
विचारलं तेवढंच न्यावं.
चहा पिताना कानावर पडलेलं
कपातच ठेवून उठावं.
ती हसली. "शेवटचं कायद्यात कसं बसवू?"
"ते तुझं तू पाहा."

बुधवारी नियम लागू झाला.
गुरुवारी रात्री तळ्याकाठच्या बाकावर
नेहमीसारखे शालिकराव.
पांढरा सदरा, सात महिन्यांची ओळख.
माझा दमा, ह्यांचा शेवटचा आठवडा,
मेडिकलच्या वॉर्डातला तो बंद पंखा,
मी पुठ्ठ्यानं घातलेला वारा,
सगळं त्यांना ठाऊक.
कधी मधेच तोडून बोलले नाहीत.
मला वाटायचं, जुन्या वळणाचा माणूस.
त्यांच्या डोक्यावर पिवळी पाटी होती.
स्वयंचलित.

बराच वेळ मी काही लिहिलं नाही.
खिडकीत कूलरचा आवाज कोरडा होत चालला होता.
मग विचारलं, तुमच्या वहीत माझं काय काय आहे?
नियमाप्रमाणे ते खरं बोलले.
दोनशे अकरा रात्री.
आल्याची वेळ, गेल्याची वेळ.
कोणत्या शब्दापाशी थांबले, किती सेकंद.
'पंखा' या शब्दापाशी सर्वांत जास्त.
"पुसायचं असल्यास 'पुसा' असं लिहा.
त्यानंतर मी आपल्याला ओळखणार नाही."

हे कलम मी सांगितलं नव्हतं.
भाचीनं आपल्या मनानं घातलं.
पोरगी हुशार आहे, आईवर गेली.

कमला निमजेनं दारावरचा माझा आकडा
त्याच दिवाळीत चुन्याखाली घातला.
पुढं इतवारीत भेटली, भाजी घेत होती,
ओळख दाखवली नाही.
तेव्हा मला वाईट वाटलं होतं.
किती मूर्ख होते मी.

'पु' लिहिलं.
तेवढ्यात टाकी संपली, पंप नुसताच घुमू लागला.
उठले, नळाखाली बादली लावली,
ती भरेस्तोवर अंधारात उभी राहिले.
परत आले तर ते तिथंच,
पाटीखाली,
वाट पाहिल्यासारखे बसलेले.