उजवा कान

बोडोच्या ऑफिसात माझं टेबल खिडकीकडे पाठ करून आहे.
मीच तसं मागून घेतलं.
स्क्रीनवर उजेड पडतो, असं कारण दिलं.
डिसेंबरात इथे उजेड कुठला,
हे कोणी विचारलं नाही.

सकाळी आठला रात्रभराचे अहवाल उघडते.
हामरफेस्टला उतरताना उजव्या पंखावर पक्षी आदळला,
पिसं पाकिटात जोडली आहेत.
रेडिओवर कॉफी सांडली;
कप कोणाचा होता, यावर दोघांच्या जबाबात तफावत.
केबिनमध्ये जळका वास. शोध घेतला.
हीटरवर कोणीतरी मोजा वाळत घातला होता.
सहवैमानिकाच्या बाजूचा वाचायचा दिवा बंद,
दुरुस्तीला दहा दिवसांची सवलत,
आज दहावा.

मग मुदतीची पत्रं.
'आपल्या वैद्यकीय दाखल्याची मुदत एकवीस दिवसांत संपत आहे.'
मजकूर माझा नाही, जुनाच आहे.
हेच पत्र एकदा माझ्याही दारात पडलं होतं,
बुटांवरचा बर्फ झटकता झटकता वाचलं होतं मी.

आज वाद्सोहून थकव्याचा अहवाल आहे.
कॅप्टन इंगुन एइरा. पहाटे पाच वाजून दहा. उणे एकोणीस.

गेल्या अठ्ठेचाळीस तासांत झोप किती?
*नऊ तास.* खोडलेलं. *सात.*
कारण?
*हॉटेलात खाली लग्न होतं. लग्न छान होतं. तक्रार नाही.*
थकवा कधी जाणवला?
*पंखांवर द्रव फवारल्यावर किती मिनिटं हातात आहेत*
*ते तक्त्यात बघत होते. बावीस.*
*पुन्हा बघितलं. बावीस.*
*तिसऱ्यांदा कळलं, बावीस ही आजची तारीख आहे,*
*कोपऱ्यात मीच लिहिलेली.*
*तक्त्यात नऊ होते.*

सहवैमानिक आन्ते काही बोलला नाही,
फक्त पेनचं टोपण लावलं, असं तिने लिहिलंय.
ड्यूटी लावणाऱ्यांचा फोन आला, चालून जाईल का?
दटावलं नाही कोणी. नुसतं विचारलं.
ती म्हणाली, नाही.

अकरा प्रवासी परत आत.
त्यातले एक पेडर ओलाउस, वय एक्याऐंशी,
ट्रोम्सोला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघालेले,
सात महिन्यांनी तारीख मिळाली होती.
त्यांनी टोपी काढली. परत घातली.
अहवालात याला रकाना नाही,
तिने समासात लिहिलंय.

नवे वैमानिक साडेनऊला पोचले. विमान गेलं. उतरलं.
परिणाम: काही नाही.

हे 'काही नाही' मी बराच वेळ बघत बसले.

माझ्या डाव्या कानात समुद्र आला तेव्हा
मी सहा महिने कोणाला सांगितलं नाही.
टॉवरचं बोलणं अर्धं ऐकायचे, अर्धं ओळखायचे.
पेट्रोल हातचं राखून न्यायचं, हे मला पाठ होतं;
कानाच्या बाबतीत मी वेळ मारून नेली.
चालून जाईल, म्हणत राहिले,
आणि चालून गेलं.
रोज विमान गेलं. उतरलं.
त्या सहा महिन्यांचा परिणामही लिहायचा झाला
तर हेच दोन शब्द.

फॉर्म बदलावा म्हणून मी दोनदा वर लिहिलंय.
ही दोन 'काही नाही' एका रकान्यात बसत नाहीत.
उत्तर आलं, सूचनेची नोंद घेतली आहे.

इंगुनला पोचपावती पाठवली.
खाली एक ओळ घालायची होती, सुचली नाही,
तेव्हा लिहिलं, झोप.

मग ट्रोम्सोच्या नेत्रविभागाला फोन लावला.
हे माझ्या कामात बसत नाही.
पलीकडची बाई हळू बोलत होती,
मी दोनदा पुन्हा सांगा म्हटलं,
रिसीव्हर उजव्या कानाला घट्ट धरून.
गुरुवारी दहाला, ती म्हणाली,
एकजण येत नाहीये.