कुंपणाचे दात

कुल्डीगातला विस्वाल्डिस, एकाहत्तर वर्षांचा,
भिंग लावून अटी वाचतोय.
बोट ओळीखाली सरकतं, ओठ हलतात,
बाविसाव्या कलमापाशी चहा निवून जातो.

नात म्हणाली होती, "कुणी वाचत नाही ते, आजोबा.
फुकट आहे, टाका आणि मोकळे व्हा."
फुकट.
चाळीस वर्षं कुलपं केली त्याने.
फुकट कुलूप वाटणारा एकच भेटला,
त्याच आठवड्यात गल्लीतली तीन घरं फुटली.

कलम म्हणतं: तुम्ही कुठे जाता ते टिपू,
'विश्वासू भागीदारांना' कळवू.
भागीदारांची नावं नाहीत.

व्हायरस निदान चोरासारखा येतो,
याला तर मीच दार उघडून
खुर्ची द्यायची.

मग तो उठतो.
कानशी, पक्कड, खाली तंबाखूचा डबा.
डब्यात किल्ली,
नदीपलीकडच्या झेल्माबाईंची,
जादा काढून ठेवलेली, न विचारता,
कारण त्यांना ऐकू येत नाही,
आणि बर्फात कुठे पडल्याबिडल्या तर?
काळजीच होती ती.
एकोणीस वर्षं काळजीच म्हणत आला.

दुसरं सॉफ्टवेअर त्याने पैसे मोजून घेतलं,
'माहिती पाठवा'समोरची खूण काढली.
ती आधीच केलेली होती, अर्थात.

संध्याकाळी विटांचा पूल ओलांडताना
किल्ली मांडीला टोचत राहिली.
झेल्माबाईंनी दार उघडलं,
त्याच्या तळहातावरचं पितळ पाहिलं,
आणि नेहमीसारख्या मोठ्याने म्हणाल्या,
"विचारलं असतंस
तर दिलीच असती."