शेंगदाणे काढून

गणपती पेठेतल्या आमच्या दुकानात
भडंगाचं मीठ मीच बघतो.
एक चिमूट जिभेवर, दाताखाली एक शेंगदाणा,
त्याचं पीठ होईस्तोवर चावतो
आणि वळून कागदात थुंकतो.
नवं गिऱ्हाईक बिचकतं. जुनं आता बिचकत नाही.

मोठं आतडं मिरजेला राहिलं.
बरणीत घालून तपासायला नेलं, ते परत आलं नाही.
नाभीच्या उजव्या अंगाला आता एक तोंड आहे,
लाल, ओलं, डाळिंबाच्या कळीएवढं.
त्याला दुखत नाही, त्याला लाज नाही,
मी लोकांशी बोलत असलो की ते मध्येच बोलतं.
शैला त्याला धाकटे म्हणते.
"धाकट्यांचं आज काय म्हणणं?"

निघताना मार्था सिस्टरनी एक कागद दिला होता.
मका नको. सुकं खोबरं नको. शेंगदाणा नको.
बेदाणा नको, द्राक्षाची साल नको.
म्हटलं, सिस्टर, मग सांगलीत राहायचं कशाला?
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, चावायला शिका.
बावन्न वर्षांचा माणूस. चावायला.

शिकलो.
केळं बांधून धरतं, ताक गुरगुर बसवतं,
साबुदाण्याची पेज, आसट भात, थोडं थोडं, पाच वेळा.
नुसतं पाणी ढोसलं तर जीव आणखी सुकतो,
मीठसाखर लागते, हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं.
बीट खाल्लं त्या दिवशी पिशवी बघून
मी किंचाळलो. आतून शैला: अहो, बीट.
एकला जेवलेलं चारला कळतं.
कोथिंबिरीचं पान बाहेर येतं जसंच्या तसं हिरवं,
पत्ता चुकून आत शिरलेल्या पाहुण्यासारखं.
हळद तेवढी मुक्काम करते,
पिशवीला, बनियनला, चादरीला.

पावसाळ्यात सगळं गाव आयर्विन पुलाखाली पाणी मोजतं.
मी बारमाही मोजतो, शर्टावरून, तळहाताने.
पिशवीचा तिसरा हिस्सा: इशारा पातळी.
अर्धी: धोका.
मग गल्ला पोराच्या हाती देऊन मागे जायचं.

तासगावला मेव्हण्याच्या पोरीचा साखरपुडा.
पंगतीत त्याच्या सासूबाई वाकल्या, पळी भरलेली:
"मक्याची उसळ, आमच्या रानातली. नाही म्हणायचं नाही."
नाही म्हणायचं नाही.
या तीन शब्दांनी जिल्ह्यात किती पोटं बिघडली असतील.
दोन चमचे खाल्ले. चावले.
शेजारी हळदीच्या दराची गोष्ट निघाली, तसे कमी चावले.

रात्री अकराला पिशवी कोरडी.
बाराला कोरडी.
पोट फुगून टणक, कळ येते, थांबते, पुन्हा येते,
मी फरशीवर कुशीवर, गुडघे छातीशी,
शैलाचा हात पोटावरून गोल गोल.
फोनवर सिस्टर: तीनपर्यंत बघा,
उलटी झाली तर बघत बसू नका, निघा.
बशीरभाईंनी रिक्षा दारात लावून ठेवली
आणि तिथेच बसून राहिले.
ज्या आवाजाची मी लग्नाकार्यात धास्ती घेतो
त्यासाठी शैलाने देव पाण्यात घातले.

पावणेतीनला धाकटे बोलले.
आधी वारा. मग पाणी, मग पुन्हा पाणी,
मग एक दाणा,
पिवळा, अख्खा, ओरखडासुद्धा नाही.
शैला रडली, मग डोळे पुसून म्हणाली,
"त्यांच्या रानातला."

हल्ली दुकानात एक छोटी कढई वेगळी असते.
कुरमुरे, हिंग, हळद, नावाला तिखट,
लसूण तेलात परतून काढून टाकलेला.
पाटी लावलेली नाही.

परवा कुपवाडचा एक पोरगा आला, विशीतला,
शर्ट एक माप मोठा.
मागून कुणाचा तरी धक्का लागला
तसा त्याचा हात आधी उजव्या कुशीकडे गेला,
मग खिशाकडे.
म्हणाला, पाव किलो.
मी झारा खाली ठेवला.
शेंगदाणे काढून देऊ?

तो माझ्या तोंडाकडे बघेना,
बघत होता माझ्या डाव्या हाताकडे, जो
कधीचा माझ्याच शर्टावर होता.